जाळ्याचं शिसं

कॉम्प्युटर क्लासचा गाळा रिकामा करायचं काम माझ्यावर आलं, तिथून हे सगळं सुरू झालं. मी तालुक्याच्या गावी त्या क्लासमध्ये शिकवायला जायचे. लॉकडाऊन उठलं तरी मुलं परत आली नाहीत. क्लास चालवणारे सर तोवर नागपूरला मुलाकडे राहायला गेले होते. त्यांनी फोनवर सांगितलं, "चांगले कॉम्प्युटर मी नेलेत. बाकीचं तुम्हाला हवं ते घ्या, नको ते कबाड्याला देऊन टाका. गाळा तेवढा मोकळा झाला पाहिजे."

शटर उघडलं तर आत धूळ आणि उंदरांचा वास. जाड पाठीचे जुने मॉनिटर, कीबोर्डांचा ढीग, आणि भिंतीला लागून एकावर एक रचलेले यूपीएस. वीज गेली की कॉम्प्युटर पाच-दहा मिनिटं चालू ठेवणारे ते डबे. काहींची बाजू आतून फुगली होती. मी माझ्या मोठ्या भावाला फोन केला. दादा दिघोरीहून कोणाची तरी मालवाहू तीनचाकी घेऊन आला. आमचं गाव दिघोरीच्या पलीकडे, तलावाच्या काठाला. आम्ही ढिवर. दादा मासे धरायचा, माय आणि वयनी ते बाजारात विकायच्या.

दादानं एक यूपीएस उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"बापा, इतुसा डब्बा अन् एवढा वजनदार? काय भरलं आहे याच्यात?"

"बॅटरी आहे. बॅटरीत शिसं असते," मी म्हणाले.

मी शिकवणारी बाई. मला माहीत होतं आणि मी ते सांगितलं, इतकंच. दादा डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आपल्या जाळ्याले लावतो ते?"

"तेच."

फेकायच्या जाळ्याच्या काठाला शिशाच्या कांड्या लावलेल्या असतात. जाळं पाण्यावर पडलं की त्या वजनानं कड झपकन खाली जाते आणि आतला मासा आतच राहतो. कांड्या हलक्या पडल्या की मरळ खालून निसटते. आमच्या गावातली बरीचशी जाळी हलकी झाली होती. दगडाला घासून कांड्या झिजतात, गळून पडतात, आणि नवीन शिसं बाजारात महाग. काही जणांनी नट-बोल्ट बांधले होते. त्यामुळे मॉनिटर तिथेच कबाड्याला गेले आणि यूपीएस सगळे आमच्या घरी आले.

दादा हाताचा मोठा हुशार होता. त्याचं जाळं पाण्यावर पडायचं ते ताटासारखं गोल. तलावावर नवीन आलेला माणूसही थांबून बघायचा. त्यानं दोन-चार दिवसांतच कृती बसवली. कोयत्यानं बॅटरीचं प्लास्टिक फोडायचं, आतल्या करड्या पट्ट्या उपसायच्या, आतलं आंबट पाणी अंगणाच्या कडेच्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाशी ओतायचं. मग तीन विटांवर जुनी लोखंडी कढई, खाली आंजनाची लाकडं. पट्ट्या आधी काळ्या पडायच्या, त्यातून धूर निघायचा, वर पिवळट राख यायची. ती पळीनं बाजूला काढली की खाली आरशासारखं चकचकीत शिसं. लोखंडी अँगलच्या खाचेत ते ओतलं की लांब कांडी तयार. छन्नीनं तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे पाडायचे.

धुराचा वास घशाला लागायचा. पण राखेला वास नव्हता. दादाच्या बोटांना लागलेली ती राख चुकून ओठाला लागली की गोड लागायची. दादा हसून म्हणायचा, "साखर आहे वो, साखर."

कांड्या जाळ्याला बसवायचं काम मायचं. ती ओसरीवर पाय पसरून बसायची, जाळ्याची कड मांडीवर घ्यायची, शिशाचा तुकडा दोरीभोवती वाकवायची आणि दातांनी दाबून घट्ट करायची. शिसं मऊ असतं, दातानं दबतं. तिच्या आईनं तसंच केलं होतं. पण तिच्या आईनं वर्षातून एखादं जाळं बांधलं असेल. मायकडे आता गावभरची जाळी येऊ लागली.

दादाच्या कांड्या भारी आहेत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आधी गावचे आले, मग पवनीकडचे, मग नदीवर मासे धरणारे. यूपीएस संपले तेव्हा एक कबाडी आपणहून दारात येऊन उभा राहिला. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, ऑटोच्या बॅटऱ्या, कुठल्या तरी ऑफिसातून निघालेल्या. एकदा त्यानं पोतंभर हिरव्या पट्ट्या आणल्या, टीव्हीच्या आणि रेडिओच्या आतल्या. त्यांच्यावर भाग जोडायला लावलेला डाग म्हणजे कथिल आणि शिसं. निखाऱ्यावर पट्टी उलटी धरायची आणि विटेवर आपटायची, की पांढरे थेंब खाली गळायचे. त्या पट्ट्यांचा धूर वेगळाच, डोळे झोंबायचे. वयनी म्हणाली, "हे नोको करू बाप्पा, पोरगी खोकलून राहिली."

पोरगी म्हणजे दादाची मुलगी. तेव्हा ती दोन वर्षांची असेल. अंगणभर धावत, धडपडत फिरायची. त्याच अंगणात आम्ही धान वाळत घालायचो, उन्हाळ्यात मोहफुलं पसरायचो. पोरीला कांड्या फार आवडायच्या. जड, थंड, चकचकीत. ती त्या ओळीनं मांडायची आणि एखादी तोंडात धरून बसायची. आम्ही बघायचो ते गिळू नये एवढ्यासाठी.

दुसऱ्या वर्षी कोंबड्या मेल्या. त्याआधीही कोंबड्यांना रोग येऊन गेले होते, पण हे तसं नव्हतं. त्या मान खाली घालून एकाच जागी गोल फिरायच्या. खायच्या नाहीत. मग एका बाजूला कलंडायच्या. मायनं हळद लावली, चोचीत लसूण घातली. आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं. शेजारच्या कोंबड्या धडधाकट होत्या. माय म्हणाली, "कोणाची नजर लागली आपल्या घराले." दादाचं काम जोरात चाललं होतं, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं.

मग मुनगा वाळला. कढईच्या बाजूचं अंग आधी, मग शेंडा. मुनगा असा मरत नाही. तोडून टाकला तरी बुंध्यातून फुटतो. आमचा फुटला नाही.

त्या पावसाळ्यात वयनीला दिवस होते. पाचव्या महिन्यात गेलं. सरकारी दवाखान्यातून आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून निजून राहायची. मी तिच्याजवळ जाऊन बसले तर म्हणाली, "बाई, मी काही जड उचललं नाई. उपास केला नाई. मंग काहून?" दादा दुसऱ्याच दिवशी पुन्हा कढईशी बसला, कारण घरात बसवत नव्हतं.

त्याच्या पोटात कळा यायच्या. तो पोटाला उशी दाबून वाकून बसायचा. चार-चार दिवस शौचाला होत नसे. चेहरा राखेसारखा झाला होता. मी म्हटलं की दवाखान्यात चल, तर म्हणायचा, "गॅस आहे." मायला सगळं जेवण फिकं लागायचं. आमच्या घरात जो तो थकलेला होता, आणि ज्याला त्याला वाटायचं की आपणच थकलोय.

मग जानेवारीतली ती सकाळ. तलावावर धुकं होतं. मी दादाला भाकर द्यायला बांधावर गेले होते. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्यानं जाळ्याची घडी उजव्या हातावर घेतली, कड दातात धरली, कमरेतून वळला आणि जाळं सोडलं. जाळं उघडलंच नाही. गोळा होऊन त्याच्या समोरच पाण्यात पडलं, एखादं लुगडं टाकावं तसं.

शेजारच्या डोंगीतला माणूस हसला. "काय झालं रे, रात्री जास्त झाली का?"

दादा पीत नव्हता. त्यानं जाळं ओढून पुन्हा घडी केली, पुन्हा फेकलं. पुन्हा तेच. मग तो आपल्या हाताकडे बघत उभा राहिला. मनगटापासून पुढचा हात खाली लोंबत होता. बोटं मिटत होती, पण पंजा वर उचलत नव्हता. डाव्या हातानं तो उजवा पंजा वर करायचा आणि सोडला की पंजा खाली पडायचा. त्यानं असं तीन-चारदा केलं.

"दादा, बाहेर ये," मी ओरडले.

"मले उचलता नाई येऊन राहिलं," तो म्हणाला. मोठ्यानं नाही. जणू पाण्यालाच सांगत होता.

गावात सगळ्यांनी लकवा म्हटलं. लकव्यावर औषध देणारा एक माणूस जंगलाच्या कडेच्या गावी होता, त्याच्याकडे नेलं. त्यानं झाडपाल्याचा लेप बांधला आणि वांगं खाऊ नका म्हणून सांगितलं. त्यात तीन आठवडे गेले. तोवर डावं मनगटही ढिलं पडायला लागलं. तेव्हा मी कोणाचं ऐकलं नाही. त्याला बसमध्ये बसवलं आणि भंडाऱ्याला नेलं.

तिथली डॉक्टर वयानं माझ्याएवढीच होती. तिनं दादाला दोन्ही हात पुढे करायला लावले. पंजे खाली लोंबले. तोंड वाकडं नाही, पाय ठीक, बोलणं ठीक. तिनं विचारलं, "काम काय करता?"

"मासे धरतो."

"शेतात फवारणी?"

"शेती नाई आमची."

"पोट दुखतं?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं की दुखतं, महिनोन्‌महिने दुखतं. तिनं टॉर्च काढला आणि त्याचा ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग मलाही वाकून बघायला सांगितलं. दाताच्या मुळाशी, हिरडीच्या काठानं एक निळसर काळी रेघ होती. पेनानं ओढल्यासारखी.

"हे मी फक्त पुस्तकात बघितलं होतं," ती म्हणाली. "घरात शिशाचं काही काम होतं का? बॅटरी, रंग, असं काही?"

मी बोलले. यूपीएसपासून सुरू केलं. अँगलच्या खाचेपर्यंत आले तेव्हा तिनं लिहिणं थांबवलं होतं.

"किती वर्षं?"

"तिसरं लागलं."

"घरात आणखी कोण आहे?"

मी सांगितलं. माय, वयनी, पोरगी, मी.

"मुलगी केवढी आहे?"

"आता पाचवं लागेल."

तिनं पेन खाली ठेवलं. "उद्याच सगळ्यांना घेऊन या. आधी मुलीला. आणि आज घरी गेल्यावर ती कढई पेटवायची नाही. अंगण झाडायचं नाही, पाणी मारून ठेवायचं. मुलीला त्या अंगणात सोडायचं नाही."

रक्त तपासायला बाहेर पाठवलं. कागद आले तेव्हा मी ते बसस्टँडवर वाचले. ठीक म्हणून जो आकडा छापला होता त्याच्या पलीकडे आम्ही सगळेच होतो. मी सर्वांत कमी, कारण क्लास बंद झाल्यावर मी दुसरीकडे शिकवायला जायचे, दिवसभर बाहेर असायचे. मायचं माझ्यापेक्षा बरंच जास्त. दादाचं त्याहून जास्त. पोरीचं मायच्या बरोबरीला. एवढ्याशा अंगात.

आम्हाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. शिसं अंगाबाहेर काढायची औषधं असतात. ती दादाला सुईनं दिली आणि पोरीला कॅप्सूल फोडून गुळात कालवून. त्या औषधाला सडक्या अंड्यासारखा वास यायचा. पोरगी तोंड घट्ट मिटायची. वयनी तिचं नाक धरायची, मी हात धरायचे, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता ते करायचो.

एक दिवस राउंडला आलेल्या वयस्कर डॉक्टरांना वयनीनं विचारलं. ती कधी डॉक्टरांशी बोलायची नाही, मलाच पुढे करायची. त्या दिवशी स्वतः म्हणाली, "साहेब, मागच्या साली माझं लेकरू पोटातच गेलं. ते यानंच का?"

डॉक्टर म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही, बाई."

"पण होऊ शकते?"

"होऊ शकतं."

वयनीनं मान हलवली. एवढंच. नंतर तिनं पोरीच्या अंगावरची चादर नीट केली. बाहेरच्या बाकावर दादा बसला होता. दार उघडं होतं. त्यानं ऐकलं होतं की नाही ते मी त्याला कधी विचारलं नाही.

त्याच डॉक्टरांनी मला सांगितलं की रक्तातलं कमी होईल, पण जे हाडात जाऊन बसलं आहे ते वर्षानुवर्षं राहतं. हाडाला ते चुनाच वाटतं. बाई गरोदर राहिली की हाडातला चुना बाळाकडे जातो, त्याच्यासोबत हेही निघतं. "तुमचं लग्न झालेलं नाही ना? पुढे मूल हवं असेल तेव्हा आधी तपासून घ्या." ते अगदी साधेपणानं म्हणाले. मी हो म्हटलं. तेव्हापासून माझा हात कधीकधी आपोआप माझ्याच दुसऱ्या मनगटाच्या हाडावर जातो.

घरी परतल्यावर मी पहिलं काम केलं ते सोसायटीच्या सभेत जाण्याचं. गावातल्या मासेमारांची सोसायटी, सभा समाजमंदिरात. बाया तिथे मागे बसतात. मी उभी राहिले आणि सांगितलं की आमच्या कांड्या लावलेल्या जाळ्यांची कड दातात धरू नका, कांड्या दातानं दाबू नका, जाळी घरात पोरांजवळ ठेवू नका. घरी कोणी बॅटरी फोडत असेल तर बंद करा.

अध्यक्ष म्हातारे होते. आमच्या बापाचे मित्र. ते म्हणाले, "बाई, आमच्या आज्यानंही सिसंच लावलं जाळ्याले. काही नाई झालं."

"काका, तुमच्या आज्यानं बॅटऱ्या नाई वितळवल्या. अंगणात राखेचे ढीग नाई लावले."

"बरं. पण हे बाजारात सांगत फिरू नोको. या तलावात सिसं आहे म्हटलं तं आपले मासे कोण घेईल? तू तं शिकवाले जाशील. आम्ही काय खावं?"

मागून कोणी तरी म्हणालं, "स्वतः बॅटऱ्या आणल्या, अन् आता आम्हाले शिकवून राहिली."

ते खरं होतं. मी खाली बसले. तेव्हा दादा उठला. तो सभेत येईल असं मला वाटलं नव्हतं. त्यानं दोन्ही हात खांद्यातून पुढे उचलले. पंजे खाली लोंबत होते. तो तसाच उभा राहिला. त्या समाजमंदिरात असा एक माणूस नव्हता ज्यानं त्याचं जाळं पडताना पाहिलं नव्हतं. काही जणांनी माना खाली घातल्या. अध्यक्ष म्हणाले, "बस बेटा, बस." सभा तिथेच संपली. कोणी काही ठरवलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दोघं-तिघं येऊन हळूच विचारून गेले की लेकरांचं रक्त कुठं तपासतात.

घरात अजून न फोडलेल्या बॅटऱ्या होत्या. कबाडी आला, म्हणाला, "तुमचं बंद झालं तं मले परत द्या. दुसरे आहेत घेणारे."

"कोण दुसरे?"

"आहेत ना. नदीकाठी आहेत, मध्य प्रदेशाकडे आहेत."

मी दिल्या नाहीत. तालुक्याच्या गावी बॅटरीचं एक मोठं दुकान आहे. जुनी बॅटरी परत घेतो आणि कारखान्यात पाठवतो, असं त्यांनी पाटीवर लिहिलेलं. मी एक गाडी करून सगळ्या तिथे नेल्या. त्यांनी पावती दिली. मला त्या दिवशी बरं वाटलं, फार दिवसांनी. आठवड्यानं मी त्याच रस्त्यानं पोस्टात चालले होते. दुकानाच्या मागच्या बोळात आमच्या कबाड्याची गाडी उभी होती. दुकानातला माणूस आणि तो मिळून बॅटऱ्या चढवत होते. कबाड्यानं मला ओळखलं. कसलीही लाज नाही, उलट ओळखीचं हसला.

मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, कारखान्याची गाडी महिनोन्‌महिने येत नाही. मी कुठं ठेवू? आत गळतात त्या."

मग अंगण. दादा आणि वयनीनं तोंडाला फडकी बांधून, पाणी मारमारून अंगणाची वरची वीतभर माती खरवडली. दादाला फावडं नीट धरता येत नव्हतं. तो पोत्याचं तोंड उघडं धरायचा आणि वयनी भरायची. मुनग्याच्या बुंध्याशी माती पांढुरकी झाली होती, तिथे त्याहून खोल खणावं लागलं. पोती घरामागे रचून त्यावर ताडपत्री घातली. ती कुठे न्यायची हे मी ग्रामपंचायतीत विचारलं. त्यांनी तालुक्याला विचारा म्हटलं. तालुक्यात म्हणाले अर्ज लिहून द्या. लिहून दिला. प्रदूषणाच्या ऑफिसात फोन लावला, तिथल्या बाईनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली की बॅटरी असेल तर नियम आहे, घरच्या अंगणातल्या मातीबद्दल तिला विचारावं लागेल. तिचा फोन आला नाही. पोती तिथेच आहेत. उन्हानं त्यांचं प्लास्टिक फाटतं, म्हणून आम्ही जुन्या पोत्यांवर नवी चढवतो. पाऊस आला की माय रात्रंदिवस ताडपत्रीकडे बघत असते. उताराला खाली बोडी आहे, लहानसं तळं, आणि बोडीचं पाणी तलावात जातं.

दादाचे पंजे सात-आठ महिन्यांनी उचलायला लागले. डावा बराच, उजवा थोडा. तो आता लहान जाळी लावून ठेवतो आणि सकाळी जाऊन काढतो. फेकायचं जाळं त्यानं विकलं नाही, दिलंही नाही. माय बरी आहे. पोरगी शाळेत जाते. बाईंचं म्हणणं की ती सांगितलेलं विसरते, एका जागी बसत नाही. वयनी रोज संध्याकाळी तिला जवळ घेऊन एकच कविता शिकवते, आणि सकाळी ती पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागते. सगळी लहान मुलं अशीच असतात, असं मी वयनीला सांगते. ती ऐकून घेते.

या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी माझ्या फोनवर अनोळखी माणसाचा फोन आला.

"ताई, तुमचे दादा सिसं पाडत होते ना? वर राख लई येऊन राहिली. ते काय टाकत होते कढईत?"

मी त्याला सगळं सांगितलं. हात, हिरड्या, पोरगी. तो शेवटी म्हणाला, "ते बरोबर आहे ताई. पण आता कढई चढवून ठेवली आहे." आणि फोन ठेवला.

मी दादाला सांगितलं. त्यानं विचारलं, "कुठला होता?" मागे गिरणीचा आवाज येत होता आणि कोणी तरी पवनीच्या बसचं बोलत होतं, तेवढंच मला आठवत होतं. दादा उठून शर्ट घालायला लागला. गुंड्या वयनीनं लावून दिल्या. मी स्कूटी काढली.

पहिल्या दोन गावांत आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. तिसऱ्या गावात हातपंपावर एक बाई होती. ती म्हणाली, "कोण विचारून राहिलं?" दादानं मासे धरणारा आहे म्हटलं. तिची नजर त्याच्या हातांवर गेली. मग तिनं घागर उचलली आणि जाता जाता हनुवटीनं एक घर दाखवलं.

तो माणूस दादापेक्षा लहान होता. आम्हाला बघून ओशाळला. कढई विझलेली होती, बाजूला पिवळट राखेचा ढीग, आणि ढिगाच्या पलीकडे दोरीवर लेकरांचे कपडे वाळत होते. दादा त्याच्याजवळ जमिनीवर बसला. बराच वेळ हळूहळू बोलत होता. आपलं बाळ गेलं तेही त्यानं सांगितलं. ते मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "बंद करतो, दादा. एवढा माल संपला की बंद करतो."

"संपवू नोको. आजच बंद कर."

"हो, हो."

त्याची बायको चहा घेऊन आली. ट्रे नव्हता, दोन कप हातातच धरले होते, बोटं कपाच्या काठाला. तिच्या बोटांच्या पेरांवर करडा थर होता. दादानं कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही त्यांच्या दारात आलो होतो, बोलावलं नसताना. नाही म्हणता येत नव्हतं. दादानं दोन्ही हातांनी कप धरला आणि चहा एका दमात पिऊन टाकला. मग मी प्याले.